डीव्हीडीची कॉपी केली की आजोबांच्या बोटांना कंगव्याचे दात फुटतात

घड्याळजींची नात

मदत हवी आहे. जरा लांबण लावते, कारण "कॉपी खराब येते" एवढंच लिहिलं तर पहिला प्रश्न "खराब म्हणजे काय?" हाच येणार.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. २००४ ते २००६ या काळात मामाने त्यांचं पुष्कळ शूटिंग करून ठेवलं. टेबलावर दिवा, डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि तोंडाने अखंड बडबड. कॅमेऱ्याच्या टेप होत्या. मामाने डीव्हीडी रेकॉर्डर आणून त्या डिस्कवर उतरवल्या, आणि मग त्याच टेपवर दुसरंच काहीतरी शूट केलं. (यावरून घरात अजून भांडण होतं.) तेव्हा आता हातात आहेत त्या १४ डिस्क, बाकी काही नाही. आजोबा २००९ मध्ये गेले.

माझ्या दोन मावश्या आणि मामेभाऊ, सगळ्यांना प्रत्येकी एक संच द्यायचा म्हणून मी कॉपी करायला घेतल्या. "दोन डिस्क एकीत बसवा" अशी सोय असलेला एक प्रोग्रॅम वापरला. शिवाय फोनवर बघता यावं म्हणून दुसऱ्या एका कन्व्हर्टरने एमपी-४ फाइलही केल्या. आणि जे निघालं ते असं:

आजोबांच्या पाठीमागच्या अंधाऱ्या भिंतीवर चौकोन चौकोन दिसतात, आणि ते चौकोन श्वास घेतल्यासारखे हलतात. हात स्थिर असला की ठीक, पण चिमटा उचलला की बोटांच्या कडेला आडव्या रेघा येतात, कंगव्याच्या दातांसारख्या. एमपी-४ मध्ये तर दातसुद्धा नाहीत, नुसते जाड लाटांसारखे पट्टे. आजोबा हडकुळे होते, त्यात गरगरीत दिसतात. चित्राच्या अगदी तळाशी एक बारीक पट्टी सारखी थरथरते. आणि नऊ नंबरची डिस्क ५१ व्या मिनिटाला अडकते, चित्राचे तुकडे तुकडे होतात, मग पुन्हा चालू लागते.

मामा शपथेवर सांगतो की जुन्या डब्याच्या टीव्हीवर हे सगळं "आरशासारखं" दिसायचं.

करून पाहिलेले उपाय: तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कोऱ्या डिस्क, सगळ्यात कमी वेगाने बर्निंग, प्लेयरची लेन्स साफ करणे, टीव्हीची शार्पनेस वरखाली करणे. काडीचाही फरक नाही. कॉपी म्हटलं की दर्जा उतरणारच का? झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं?

निवांत

डिस्क चांगल्या वापरा, त्यात कंजुषी नको. आणि बर्न करताना वेग ४ एक्सच्या वर जाऊ देऊ नका. घाईत बर्न केलं की चित्र धुरकट येतंच. बाकी कॉपीत थोडा दर्जा जातोच, आमच्या कॅसेटच्या काळीही तिसऱ्या कॉपीत गाणं ओळखू यायचं नाही.

जुना एडिटर

निवांतराव, माफ करा, पण कॅसेटचा नियम इथे लागू होत नाही. कॅसेटवर लहर असते, ती दर वेळी थोडी झिजते. डिस्कवर आकडे असतात. आकडा एक तर बरोबर उतरतो, नाहीतर चुकतो. सातचा आकडा फिका सात होत नाही. बर्निंगचा वेग चुकला किंवा डिस्क टुकार असली, तर वाचताना चुका येतील, चित्र अडकेल, तुकडे पडतील. पण धुरकट होणार नाही. ताईंनी तीन कंपन्यांच्या डिस्क पालथ्या घातल्या तरी फरक पडला नाही, तो यामुळेच.

ताई, तुमच्या तक्रारी एक नाहीत, निदान पाच आहेत आणि पाचांची कारणं वेगळी आहेत. सगळ्यांवर एकच औषध शोधत बसलात म्हणून गुंता झाला. आधी एकच करा: मूळ डिस्क घ्या, कॉपी घ्या, एमपी-४ घ्या. तिन्ही *एकाच* संगणकावर, एकाच पडद्यावर, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये लावा आणि तिन्हींत तोच एक क्षण गाठा. हात हलतोय असा एखादा. तिथे पॉज करून 'ई' ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. मामांच्या आठवणीतल्या टीव्हीशी तुलना करू नका, आठवणीचं रिझोल्यूशन फार जास्त असतं.

मग मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात तिन्ही फाइल टाका आणि रुंदी-उंची, बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा खर्च होतो तो, एमबीपीएसमध्ये), आस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण), स्कॅन टाइप (चित्र एकदम दाखवायचं की रेघा आलटून पालटून) एवढं इथे लिहा. त्यानंतर बोलू.

घड्याळजींची नात

केलं. डिस्क नंबर ३, वेळ ३८ मिनिटं १२ सेकंद. आजोबा एका मनगटी घड्याळाचा बॅलन्स, म्हणजे इकडून तिकडे झुलणारं चक्र, चिमट्याने उचलतात, तो क्षण.

मूळ डिस्क: १ तास ५७ मिनिटं, ४.३ जीबी. ७२० × ५७६, ४:३, इंटरलेस्ड, टॉप फील्ड फर्स्ट, चित्राचा बिटरेट सरासरी ४.९ एमबीपीएस.

कॉपी: लांबी तीच, २.१ जीबी. बाकी सगळं तेच, फक्त बिटरेट २.३.

एमपी-४: १२८० × ७२०, १६:९, आणि स्कॅन टाइप "प्रोग्रेसिव्ह" लिहिलंय.

आता धक्का बसेल असं सांगते: कंगव्याचे दात *मूळ डिस्कमध्येही आहेत!* संगणकावर अगदी स्वच्छ दिसतात. चौकोन मात्र मूळ डिस्कवर जवळजवळ नाहीत. तळाची थरथर मूळमध्येही आहे. आजोबा मूळमध्ये हडकुळेच आहेत. म्हणजे मामा खोटं बोलत होता का?

जुना एडिटर

मामा खरंच बोलत होते. आकडे दिलेत, आता सगळं उघड आहे. एकेक घेतो.

चौकोन. ४.९ चे २.३ झाले, यातच उत्तर आलं. तुमच्या प्रोग्रॅमने डिस्क कॉपी केलेली नाही, पुन्हा कॉम्प्रेस केली आहे. साधी एक थर असलेली डीव्हीडी ४.७ जीबीची, संगणक तीच ४.३८ दाखवतो. दोन तासांचं शूटिंग त्यात बसवलं की सरासरी पाचेक एमबीपीएस मिळतात. मामांच्या रेकॉर्डरने नेमकं तेच केलंय. त्यात दोन डिस्क बसवायच्या तर प्रत्येकीचा निम्मा डेटा फेकावाच लागतो, दुसरा मार्ग नाही. एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीची कॉम्प्रेशनची पद्धत, चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी कमी करतं. बिट फारच कमी पडले की शेजारच्या चौकोनांच्या कडा जुळेनाशा होतात, आणि तुम्हाला भिंतीवर फरशा दिसायला लागतात. अंधाऱ्या भागात जास्त, कारण दिव्याच्या उजेडात केलेल्या शूटिंगमध्ये सावलीत दाणे असतात. डोळ्याला ते दिसत नाहीत, पण कॉम्प्रेसरला दर फ्रेमला नवे दाणे म्हणजे नवं काम. पैसे नसलेल्या माणसासमोर यादी वाढवत नेल्यासारखं.

उपाय एका ओळीत: एका मूळ डिस्कला एक कोरी डिस्क. किंवा कोऱ्या डिस्कचा नाद सोडून मूळची आयएसओ इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी एक फाइल) करा आणि ती हार्ड डिस्कवर ठेवा. १४ डिस्क मिळून साठेक जीबी होतील, एका पेनड्राइव्हचं काम.

कंगवा. हा दोष नाही. तुमच्या आजोबांचं शूटिंग सेकंदाला २५ पूर्ण चित्रांचं नसून ५० *अर्ध्या* चित्रांचं आहे. आधी एक, तीन, पाच अशा विषम रेघा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम रेघा. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. डब्याचा टीव्ही ही फील्ड जशी आली तशी, एकेक करून दाखवायचा, त्याची रचनाच तशी होती. म्हणून मामांना आरसा दिसला. आताचे सगळे पडदे पूर्ण चित्र एकदम दाखवतात. दोन फील्ड एकत्र विणून दाखवली की भिंत जुळते, कारण भिंत हलली नाही. पण पन्नासाव्या भागात चिमटा थोडा सरकलेला असतो. विषम रेघांत एक चिमटा, सम रेघांत दुसरा. हाच तुमचा कंगवा. व्हीएलसीत 'डी' कळ दाबा, डिइंटरलेस चालू होईल आणि दात जातील. फाइलला हात न लावता.

जाड पट्टे. हे मात्र खरं नुकसान. कन्व्हर्टरने फील्ड वेगळी न करताच ५७६ रेघांच्या ७२० केल्या. म्हणजे सम आणि विषम रेघा एकमेकींत कालवल्या गेल्या. मूळ फाइलमधला कंगवा सोडवता येतो, कारण कोणती रेघ कुणाची ते ठाऊक असतं. कालवल्यावर ते कुणीच सांगू शकत नाही. वर त्यावर "प्रोग्रेसिव्ह" असा शिक्का, म्हणजे टीव्हीही सोडवायच्या फंदात पडणार नाही. त्या एमपी-४ फाइल पुसून टाका, त्यांतून काहीही परत मिळणार नाही.

गरगरीत आजोबा. ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलंय. डीव्हीडीतले पिक्सेल चौरस नसतात. ७२० × ५७६ हे चित्र ४:३ असेल तर ७६८ × ५७६ एवढं दाखवायचं असतं, १६:९ असेल तर १०२४ × ५७६. कन्व्हर्टरने ती खूण न वाचता स्वतःच्या साच्यात कोंबलं. ४:३ चं १६:९ केलं की माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो, आजोबांना राग आला असता.

तळाची थरथर. ही टेपची आहे. टेप वाचणारं डोकं फिरतं असतं. एक हेड सोडून दुसऱ्यावर जाताना शेवटच्या काही रेघा गडबडतात. जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड लपवायचे, म्हणून ती कुणाला दिसली नाही. बघायच्या प्रतीत तळाच्या ८ ते १० रेघा कापून टाका. मूळ प्रतीत काहीही कापायचं नाही.

नवव्या डिस्कचं मी सांगत नाही. इथे त्यातलं जास्त कळणारं माणूस आहे.

सेक्टरवाली

हाक ऐकू आली. मी नोकरीत हेच करते, लोकांच्या आणि संस्थांच्या जुन्या डिस्कमधून जे निघेल ते काढते.

आधी एक खूण सांगते, पुढे कायम उपयोगी पडेल. चित्र फुटलं की घड्याळ लावा. फूट अर्ध्या सेकंदात आपोआप बरी झाली तर ती *वाचनाची* चूक. कारण डीव्हीडीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम, मग पुढच्या दहा-बारा फ्रेममध्ये नुसते बदल, मग पुन्हा पूर्ण फ्रेम. मधला तुकडा वाचता आला नाही तर पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत घाण पसरते, ती आली की सगळं लख्ख. कॉम्प्रेशनचे चौकोन असे नसतात. ते हालचाल आणि अंधार यांच्या मागे मागे फिरतात आणि सगळ्या डिस्कभर पसरलेले असतात. घड्याळजींच्या नातीला हे वेगळं सांगायला नको.

तर नऊ नंबर. आधी ती *पुन्हा पुन्हा लावून बघणं बंद करा*. मऊ, सूत न सुटणाऱ्या कापडाने मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो डेटाच्या रांगेच्या दिशेने पडतो आणि सलग भरपूर आकडे खातो. आडवा पडला तर डिस्कमधली चूक-दुरुस्तीची सोय त्याला सहज पचवते. टूथपेस्टने घासायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवलं असेल तर ते ओढून काढू नका. त्यामुळे डिस्क हेलकावते हे खरं, पण ओढताना ती वाकली तर जास्त वाईट.

मग साधी कॉपी नाही, डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कमधून डेटा काढायचा प्रोग्रॅम. साधा कॉपी प्रोग्रॅम वाईट जागी डोकं आपटत बसतो. डीडीरेस्क्यू आधी सगळं सोपं सोपं उचलून घेतो, अवघड जागा एका नकाशा-फाइलमध्ये नोंदवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. सेक्टरचा, म्हणजे डिस्क ज्या छोट्या तुकड्यांत वाचली जाते त्यांचा, आकार २०४८ बाइट द्या. आणि खरी गंमत पुढे आहे: उरलेल्या जागांसाठी तीच डिस्क *दुसऱ्या* ड्राइव्हमध्ये घाला, नकाशा-फाइल तीच ठेवा. प्रत्येक ड्राइव्हच्या लेसरची आणि डोळ्याची तऱ्हा वेगळी. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. लॅपटॉपचा पातळ ड्राइव्ह हरला तर जुन्या डेस्कटॉपचा जाडजूड ड्राइव्ह आणा, माझा अनुभव त्याच्या बाजूने आहे.

आणि बाकीच्या १३ डिस्क आज चालतात म्हणून उद्यावर ढकलू नका. बर्न केलेल्या डिस्कमध्ये डेटा रंगद्रव्यात असतो, ते उतरतं. सगळ्यांच्या इमेज आधी काढा, सुंदर बघायची प्रत नंतर.

हौशी_पिक्सेल

एवढी उठाठेव कशाला? एआय अपस्केलरमध्ये टाका, सरळ एचडी होऊन बाहेर येतं. दात, चौकोन, दाणे सगळं गायब. २००५ चं शूटिंग कालचं वाटेल.

घड्याळजींची नात

हौशीदादा, खोटं कशाला बोलू, मोह मलाही झाला. एक मिनिटाचा तुकडा टाकून पाहिला. आजोबांचा चेहरा खरंच गुळगुळीत आला, इतका की कपाळावरची आठी गेली. मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. रोमन आकड्यांच्या डायलवर चाराच्या जागी बहुतेक चार काड्या असतात, आजोबा ते आम्हाला कौतुकाने दाखवायचे. मूळमध्ये त्या चार काड्या पुसट का होईना, मोजता येतात. एआयने त्यांचं कुंपण केलंय, सहा-सात खांबांचं. सातच्या आकड्याला तर नवीनच लिपी. ज्या माणसाने जन्मभर डायल वाचले, त्याच्या मागच्या भिंतीवर हे नको.

जुना एडिटर

हे बरं पाहिलंत. जो तपशील फाइलमध्ये नाही तो कुठूनही आला तरी तो त्या दिवशीचा नसतो. हौसेसाठी वेगळी प्रत करा, हरकत नाही. मूळ म्हणून ती ठेवू नका, एवढंच.

आता मावश्यांसाठीची प्रत. इमेज झाली की मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने त्यातलं शूटिंग एमकेव्ही फाइलमध्ये काढा. यात पुन्हा कॉम्प्रेशन होत नाही, नुसता डबा बदलतो. हा तुमचा मास्टर. त्यावरून हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये बघायची प्रत: कॉम्प्रेशन एच-२६४, क्वालिटी आरएफ १८ ते २० (आकडा *कमी* तेवढं चित्र चांगलं, पुष्कळ जण उलट समजतात). रिझोल्यूशन वाढवायचं नाही, आस्पेक्टला हात लावायचा नाही, तळाचा क्रॉप तेवढा.

डिइंटरलेसमध्ये यॅडिफ ही पद्धत घ्या आणि तिचा प्रीसेट (तयार सेटिंग) 'बॉब'. शूटिंग सगळंच इंटरलेस्ड आहे, त्यामुळे डिटेक्शन (कुठे कंगवा आहे ते शोधणं) बंद ठेवा. साधं डिइंटरलेस ५० फील्डची २५ चित्रं करतं, म्हणजे निम्मी हालचाल टाकून देतं. बॉब प्रत्येक फील्डचं एक पूर्ण चित्र करतं, सेकंदाला ५०. आणि इथेच सगळे फसतात, मीही फसलो होतो: हँडब्रेकच्या तयार प्रीसेटमध्ये फ्रेमरेटला २५ किंवा ३० ची "पीक" मर्यादा असते. बॉबने ५० केले आणि पुढच्याच दाराशी मर्यादेने निम्मे परत पाठवले. फ्रेमरेट "सेम अ‍ॅज सोर्स" आणि "कॉन्स्टंट" करून ठेवा.

अवांतर: टीव्हीची शार्पनेस खाली आणा. जुन्या शूटिंगवर ती फक्त कडांना पांढरी किनार लावते.

निवांत

वेगाचं माझं चुकलंच, मान्य. पण मग एक प्रश्न: माझ्याकडेही अशाच घरच्या डिस्क आहेत, त्यांतल्या दोन-तीन मूळपासूनच मऊ मऊ दिसतात, दुसऱ्या टवटवीत. रेकॉर्डर एकच, कॅमेरा एकच. असं का?

जुना एडिटर

रेकॉर्डरवर मोड असायचे. एक्सपी म्हणजे डिस्कवर एक तास, एसपी दोन, एलपी चार. डिस्क वाचवायला लोक एलपी लावायचे. चार तास म्हणजे अडीच एमबीपीएस, आणि तेवढ्यात भागावं म्हणून बरेच रेकॉर्डर रुंदीच निम्मी करायचे. मीडियाइन्फोत ३५२ × ५७६ दिसलं की समजा. त्याला औषध नाही, जसं आहे तसं जपायचं.

घड्याळजींची नात

नऊ दिवसांनी हिशेब द्यायला आले आहे.

एलपीचं दुःख आमच्या घरातही निघालं. डिस्क १२ आणि १३, दोन्ही ३५२ × ५७६, पावणेचार तासांच्या. मामाला विचारलं तर म्हणाला, "डिस्क संपत आल्या होत्या." आता ह्या भांडणाला नवीन अंक मिळालाय.

नऊ नंबर: लॅपटॉपच्या ड्राइव्हने ११८४ सेक्टर सोडले. शेजारच्या काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर नेली, तीच नकाशा-फाइल. रात्रभर घरघर चालली होती, काकांनी दोनदा उठून "जळत तर नाही ना?" विचारलं. सकाळी उरले ९६. मी गणित केलं: ९६ गुणिले २०४८, म्हणजे दोन लाख बाइटही नाहीत, त्या डिस्कच्या बिटरेटने सेकंदाचा तिसरा हिस्सा. तिथे आजोबा पाण्याचा घोट घेतात आणि घोट अर्धा राहून पेला एकदम टेबलावर येतो. चालेल. सेक्टरवाली ताई, खूप आभार. तिसरा ड्राइव्ह शोधायचा मोह होतोय, पण काकांच्या झोपेचा विचार करून थांबले आहे.

आता ३८ मिनिटं १२ सेकंद. पहिल्यांदा मी पीक मर्यादा काढायला विसरले. दात गेले, फरशा गेल्या, आजोबा हडकुळे झाले आणि मी खूश. मग एडिटरकाकांचं पुन्हा वाचलं, मर्यादा काढून परत केलं आणि दोन्ही फाइल शेजारी लावल्या. त्या क्षणानंतर सात-आठ सेकंदांनी आजोबा बॅलन्स जागेवर बसवतात आणि ब्रशच्या टोकाने हलकेच फुंकर घातल्यासारखा स्पर्श करतात. २५ च्या फाइलमध्ये चक्र इकडे असतं आणि मग तिकडे असतं. ५० च्या फाइलमध्ये ते *जातं*. इकडून तिकडे, परत, पुन्हा, थोडं मोठं, आणि मग घड्याळ चालू झालेलं कळतं. आजोबा त्या क्षणी काहीच बोलत नाहीत, इतक्या डिस्कमध्ये ते गप्प बसलेली ही एवढीच जागा मला सापडली आहे. आईला दाखवलं. तिने तीनदा मागे घ्यायला लावलं आणि मग म्हणाली, तळाशी काहीतरी थरथरतंय ते बघ. क्रॉप विसरले होते.

एक डिस्क राहिली. पाच नंबर. संगणक म्हणतो ती कोरी आहे. पण खालून उजेडात धरली की रंगात फरक दिसतो, आतून बाहेर साधारण दोन तृतीयांशापर्यंत जरा गडद कडं. म्हणजे लिहिलेलं आहे ना?

सेक्टरवाली

लिहिलेलं आहे. फायनलाइझ करायचं राहिलंय. रेकॉर्डरने शूटिंग लिहिलं, पण शेवटची अनुक्रमणिका लिहून डिस्क बंद केली नाही, म्हणून बाहेरच्या ड्राइव्हला आत काही आहे हे कळत नाही. तिच्यावर काहीही बर्न करू नका, कोरी समजून चुकूनसुद्धा. उत्तम उपाय म्हणजे ज्या रेकॉर्डरने लिहिली त्यातच घालून मेनूतून फायनलाइझ करणे. मामांकडे तो आहे का अजून?

घड्याळजींची नात

आहे! माळ्यावर, मूळ खोक्यात, थर्माकोलसकट. आत्ताच लावला, चालू होतो, पाच नंबर ओळखतो, ५४ मिनिटांचं काहीतरी आहे असंही दाखवतो. फायनलाइझ मेनूत आहे, आणि मेनूचं बटण फक्त रिमोटवर आहे. रिमोट मामाला सापडत नाहीये.

जुना एडिटर

युनिव्हर्सल रिमोटमध्ये त्या कंपनीचे डीव्हीडी रेकॉर्डरचे कोड एकेक करून पाहा. आणि तो डबा तोवर बंद करून ठेवा, डिस्क काढून.